मंगळवार-गुरुवारची बस

अंगणातल्या फिजोआ फळांची पिशवी सेल्विनने नोलीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, आणि वळताना त्याची नजर दाराशेजारच्या खुंटीवर गेली. तिथे एक निळी लोकरी टोपी लटकत होती, वर पांढरा गोंडा असलेली. पिशवीवरचा हात काढायचं त्याला सुचलं नाही.

"बसा ना," नोलीन म्हणाली. "ते खोकं सारा बाजूला. या घरात आता खुर्च्यांपेक्षा खोकीच जास्त झालीत."

तो बसला. खरं तर त्याला बसायचं नव्हतंच; आपलं घर कोणतं ते दारातच सांगून झालं होतं, पिशवी देऊन निघायचं होतं. सकाळी बेरिलने, म्हणजे त्याच्या बायकोने, पिशवी त्याच्या हातात कोंबली होती. "रस्त्याच्या टोकाची ती बाई घर विकून चाललीय. पाच वर्षं शेजार, आणि आपण एकदा तिच्या दारात गेलो नाही. झाडाखाली फळं सडतायत, तेवढी तरी देऊन ये." शेजार म्हणजे तीन किलोमीटर. मधे गाईंची कुरणं, दुसरं काही नाही.

बाई अनोळखी होती, पण टोपी तो चांगलीच ओळखत होता. गेल्या वर्षी सहा आठवडे त्याने ती मोजली होती.

झालं होतं असं, की प्रादेशिक परिषदेच्या घरपट्टीच्या बिलात बससेवेची एक नवी ओळ आली आणि सेल्विनचं डोकं फिरलं. दर मंगळवारी नि गुरुवारी ती बस सकाळी त्याच्या फाटकावरून शहराकडे जायची, दुपारी परत यायची, आणि रिकामीच खडखडत फिरते असं त्याचं म्हणणं होतं. नुसतं म्हणून भागत नाही, पुरावा हवा. म्हणून चहाचा कप नि वही घेऊन तो व्हरांड्यात बसू लागला. बस आली की पेन्सिल उंच धरून एकेक खिडकी टिपायची, तोंडाने आकडा म्हणायचा, वहीत रेघ मारायची. चालकाला मोजणीत धरायचं नाही, हा नियम त्याने स्वतःच घालून घेतला होता. बहुतेक दिवशी तो एवढंच म्हणायचा, "एक." काचेवर ऊन असायचं, चेहरा दिसायचा नाही. निळी टोपी तेवढी दिसायची.

परिषदेच्या सुनावणीत प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. सेल्विनने वही उघडून दाखवली. "एका टोपीसाठी अख्खी बस," तो म्हणाला, आणि सभागृह हसलं. एका सदस्य बाईंनी मात्र विचारलं, "तुमची कुरणं नदीपासून वाचवणारा बांध शहरातल्या लोकांच्या घरपट्टीवरही उभा आहे. त्यातल्या कितीजणांनी तो बघितलाय हो?" नदीची गोष्ट वेगळी, असं तो म्हणाला आणि घंटा वाजली. जुलैपासून बस बंद झाली. "जिंकलास बाबा," बेरिल म्हणाली होती. "आता बसून काय मोजणार? ढग?"

नोलीनने चहा ओतला. कप दोनच बाहेर होते, बाकीचे वर्तमानपत्रात गुंडाळून झाले होते.

"शहरात चाललात म्हणे," सेल्विन म्हणाला.

"हो. माझा नवरा डेस्मंड तिथल्या शुश्रूषागृहात असतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून. त्याच्याच गल्लीत एक खोली मिळाली मला. खिडकीतून भिंत दिसते, पण चालत जाता येतं." तिने साखर पुढे सरकवली. "गाडी तोच चालवायचा. मी काही शिकले नाही, आता या डोळ्यांनी कोण शिकवतंय? बस होती तोवर बरं चाललं होतं. मंगळवार आणि गुरुवार."

सेल्विन चहात साखर ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"बस गेल्यावर भाचीला जमेल तेव्हा जायचे. पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. तिथल्या नर्स सांगतात, मंगळवार-गुरुवार उजाडला की अजून कोट घालून दाराशी बसतो. वार कसे कळतात त्याला, देव जाणे. माझं नाव आठवत नाही."

"मी सोडत जाईन तुम्हाला," तो घाईने म्हणाला. "दर मंगळवारी. गुरुवारीसुद्धा. माझं काय अडलंय?"

ती हसली. "घर विकून बसलेय हो मी. आणि खरं सांगू का? दुसऱ्याच्या गाडीत बसायचं म्हणजे दर वेळी विचारायला लागतं. बसला विचारावं लागत नव्हतं. फाटकाशी उभं राहिलं की झालं."

सांगून टाकावं, आत्ताच, म्हणजे सुटलो, असं सेल्विनला मनापासून वाटलं. त्याने कप खाली ठेवला.

"त्या सुनावणीला मी गेलो होतो," तो म्हणाला.

"गेला होतात?" नोलीनचा चेहरा एकदम उजळला. "मला वाटलंच होतं, कुणीतरी बोललं असेल आमच्या बाजूने. मला यायचं होतं हो, पण ती नेमकी मंगळवारी ठेवली. मंगळवारी मी कशी येणार? डेस्मंड वाट बघत असायचा." तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "तुम्हीच असणार. या अख्ख्या रस्त्यावर बसला हात करणारे तुम्ही एकटेच."

"हात?"

"व्हरांड्यातून हो. गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये दर वेळी हात वर करायचात, विसरलात? हातात काहीतरी असायचं, तंबाखूचा पाइप असेल. मी पण करायचे आतून, तुम्हाला दिसत नसेल. डेस्मंडला सांगायचे, आज पण त्या माणसाने हात केला बरं का. तेवढंच ऐकून तो हसायचा."

सेल्विन उठला. जाताना तिने पिशवी रिकामी करून, नीट घडी घालून परत दिली आणि म्हणाली, "गुरुवारी निघणार, दहाच्या सुमाराला. दिसाल ना?"

गुरुवारी नऊपासून तो व्हरांड्यात उभा होता. बेरिलने चहा आणून कठड्यावर ठेवला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तिथेच थांबली. दहा वाजून गेल्यावर भाचीची गाडी सामानाचा ट्रेलर ओढत आली. फाटकाशी ती हळू झाली. काच खाली होती, आणि निळ्या टोपीखाली या वेळी चेहराही दिसला. नोलीनने हात बाहेर काढून हलवला.

सेल्विनने हात वर केला. गाडी वळणापलीकडे गेली तरी तो तसाच होता.

"एक," त्याच्या तोंडून निघालं.

"काय म्हणालास?" बेरिलने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि हात खाली घेतला.