दोन आट्यांवरचा नट

सर्जेरावनं हर्सूल नाक्याजवळच्या शेडपुढं पिकअपला असा ब्रेक मारला, की मागून खडाक करून आवाज आला अन् चहावाल्याचं कुत्रं उठून पळालं.

"ऐकलं का सांडूभाऊ? परवा तू मागच्या स्प्रिंगला पाटा वाढवून दिला, अन् आज माझ्या मागं लोहार बसलाय."

"लोहार कशाचा? तुझा जॅक असंल. सीटमागं कसाबी फेकून देतो," सांडू मिस्त्री खेकसला. त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं की त्याचं टाळकं सटकायचं.

जॅक काढला. आवाज हायेच. स्टेपनी आवळली, तरी हायेच. शॉकॲब्सॉर्बर हलवून बघितला, तर तो पण घट्ट. मग सांडू स्वतःच रिकाम्या हौद्यात पालथा पडला, पत्र्याला कान लावला अन् वरडला, "चल! मी बुक्की मारली की ब्रेक दाब."

जळगाव रोडवर लोकं बघायला लागले, मढं न्यायलेत का काय. ब्रेक दाबला की खडाक, गाडी उचलली की परत खडाक. डाव्या चाकाच्या वर, बरोब्बर कानाखाली.

शेडला येऊन तो गाडीखाली घुसला. पाट्यांची चवड ॲक्सलला आवळून धरायला एका बाजूला दोन यू-बोल्ट असतात. डावीकडच्या एका बोल्टाचे नटच गायब. दुसऱ्याचा नट सांडूच्या बोटानं फिरला. ब्रेक दाबला की आख्खा ॲक्सल सरकून धडकत होता.

सांडूनं तो नट परत एकदा फिरवून बघितला.

पाटा वाढवला की चवड जाड होते. मग बोल्टबी लांब लागतो. परवा दुकानात लांब बोल्ट नव्हते. उद्या या म्हणायचं सोडून त्यानं जुनेच चढवले. नट जेमतेम दोन आट्यांवर बसला होता. "चालतंय," असं तोच म्हणला होता.

अन् त्याच दिवशी त्यानं अजून एक गाडी तशीच केली होती. बहिणीच्या पोराची, विश्वजीतची.

"काय झालं रे?" सर्जेरावनं वाकून विचारलं.

"विश्वजीत सकाळी मंडपाचे पाईप भरून सोयगावला गेलाय. वर तीन माणसं बसवून." सांडू बाहेर आला. "घाट उतरायचाय त्याला."

त्यानं फोन लावला. रिंग गेली, उचलला नाय. परत लावला. नाय. तिसऱ्यांदा पण नाय. स्टेअरिंगवर हात असताना फोन घ्यायचा नाय, हे पोराला यानंच शिकवलेलं. एकदा कानाखाली वाजवून.

चौथ्यांदा उचलला.

"गाडी थांबव! हाय तिथं थांबव!"

"थांबलीच हाय मामा." पोरगं रडत होतं. "पलटी झाली घाटात. ब्रेक मारला, तर मागचं आख्खं एका अंगाला गेलं. वर बसलेला बद्रीनाथ पाईपाखाली हाय. हलत नाय मामा, बोलत पण नाय."

"आवाज नव्हता आला?"

"आला की. सिल्लोडपासून वाजायला लागलं होतं. मी म्हणलं, मामानं परवाच काम केलंय, मागं काय निघतंय? पाईपच वाजत असतील. म्हणून उतरून दोऱ्या आवळल्या."

सांडूनं खिसे चाचपून मोटरसायकलची चावी काढली.

"लोकं मारायलेत मामा. म्हणतात भरधाव होता, पिऊन होता. मी पिलो नाय."

"फोन दे त्यांच्यातल्या कुणाला."

सर्जेरावनं झटकन त्याच्या मोबाईलवर पंजा दाबला. हळूच म्हणला, "येडा झाला का? केस होईल. मेला असंल तो माणूस. पोरगं लहान हाय, सुटंल कसंबी. बोल्ट कुणी बघितलाय?"

"पोरानं तर माझ्यामुळं बघितला नाय," सांडूनं त्याचा हात झिडकारला.

पलीकडून कुणीतरी शिव्या देत फोनवर आलं. "कोण बोलतो रे? मालक का तू?"

"मिस्त्री. सांडू मिस्त्री, हर्सूल नाका. गाडी पोरानं पाडली नाय. मागच्या चाकापाशी वाकून बघा, डावीकडं. नट नसंल तिथं."

"मग?"

"तो मी बसवला होता. पोराच्या अंगाला हात लावू नका. पोलिसाला माझं नाव सांगा, मी निघालोच."

त्यानं सर्जेरावच्या पिकअपची चावी काढून खिशात घातली, "ही हलवायची नाय" म्हणला, गाडी तिथंच ठेवली अन् मोटरसायकलला लाथ मारली.