दुसऱ्या वर्षाचा उंचवटा

ताईला नवं यकृत बसवून दीड वर्ष होऊन गेलं होतं. जिथं ती शस्त्रक्रिया झाली, त्याच रुग्णालयाच्या संशोधन विभागात तिची धाकटी बहीण संख्याशास्त्रज्ञ होती. अशा शस्त्रक्रियेनंतर कोण किती काळ जगलं, ते तिच्या संगणकात होतं. काहींची खबर मधेच थांबलेली. त्यांना ती गेलेले धरत नसे. इथवर नक्की जिवंत होते, एवढंच म्हणायची.

जुन्या मॉडेलमध्ये, म्हणजे आधीच्या गणिती मांडणीत, मृत्यूच्या धोक्याची रेषा एका चालीनं उतरत जायची. धाकटीनं रेषेला मोकळीक दिली, हवं तिथं वळायची. दुपारच्या पिवळट उजेडात रेषा टेकडीवरच्या पायवाटेसारखी उतरत गेली आणि दुसरं वर्ष सरता सरता हळूच वर उठली. झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

"योगायोग असेल," विभागप्रमुख डॉक्टर म्हणाले. "चार माणसांमुळेही असं दिसतं."

तिनं मोकळीक कमी करून पाहिली, थोडी थोडी माणसं वगळून पाहिली. उंचवटा काही हटेना. त्याच सुमारास रुग्णांच्या तपासण्या विरळ होत होत्या, हेही तिनं दाखवलं. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तुमची बहीण याच टप्प्यावर आहे ना?"

संध्याकाळी घरी ताई खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. उंचवट्याचं सांगताना धाकटी दोनदा अडखळली.

"म्हणजे मी चढावर आहे?"

"तू नाहीस गं. ती सगळ्यांची मिळून रेषा आहे. तुझ्या एकटीची कुणालाच काढता येत नाही."

"मग तोंड कशाला पाडतेस? जाऊ की तपासायला."

रक्तात किंचित गडबड निघालीच. औषध वाढवलं, हळूहळू सगळं ताळ्यावर आलं. दुसऱ्या वर्षातही सर्वांना वरचेवर तपासणीला बोलवायचं, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं.

मग एका संथ दुपारी ताई धाकटीच्या विभागात रेषा बघायला आली. उंचवट्यावरून तिनं बोट पुढं नेलं. शेवटाकडे रेषेभोवतीची करडी छटा पसरत गेली होती.

"इथं एवढं धुकं का?"

"शस्त्रक्रियेला तेवढी वर्षं झालेली माणसं अजून थोडीच आहेत, म्हणून अंदाज पक्का नाही."

"बरं," ताई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. दोघी त्या धुक्याकडे बघत राहिल्या. ऊन टेबलावरून सरकत गेलं, पण उठायची घाई कुणालाच नव्हती.