हुणसूर रस्त्यावरची बस

सुष्मा आणि तिचा मावसभाऊ भुवन यांनी हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या नोकऱ्या सांभाळून ते ॲप बनवलं. हुणसूर रस्त्याच्या बसमध्ये चढलेल्यांनी बटण दाबायचं, की पुढच्या थांब्यावरच्यांना बस कुठवर आली ते दिसायचं. येलवालच्या शाळेत शिकवणारी वनजामावशी, म्हणजे भुवनची आई, सगळ्या स्टाफला ते कौतुकाने दाखवायची.

मग एका बड्या कंपनीचा निरोप आला. बोलणी भुवनच करत होता.

"अक्का, त्यांच्या ॲप-स्टोअरच्या पहिल्या पानावर जागा देतायत. सर्व्हरचा खर्चही त्यांचा. फक्त वर्षभर दुसऱ्या स्टोअरवर ठेवायचं नाही."

"दुसऱ्या फोनवाल्यांनी बटण दाबलं नाही तर बस दिसणार कशी?"

"सुम्ने, उगाच घाबरतेस तू. माझ्यावर भरवसा नाही?"

भुवनला कोडिंगची गोडी तिनेच लावली होती. तिने सही केली.

पहिल्या पानावर नाव झळकलं. दिल्ली-पुण्याच्या लोकांनी ॲप उतरवून घेतलं, पण त्यांना येलवालच्या बसशी काय घेणं? इथे मात्र दुसऱ्या फोनांवरून ॲप गेल्याने बटण दाबणारे निम्मे झाले. बस पुढे निघून गेली तरी ॲपमध्ये मागच्या हिनकल थांब्यावरच अडकलेली दिसे. एकदा मावशी परीक्षेच्या दिवशी थांब्यावर तिष्ठत राहिली. "तुझं ॲप खोटं बोलतं गं," एवढंच म्हणाली.

आणि पावसाळा सरता सरता त्याच कंपनीने स्वतःच्या नकाशात बसची सोय आणली. तसंच बटण, तशीच रीत. शिवाय ती सगळ्या फोनांवर चालत होती.

सुष्मा तडक भुवनकडे गेली. "बघितलंस?"

तो खुर्चीतून उठलाही नाही. "मला ठाऊक होतं, अक्का."

"कधीपासून?"

"सहीच्या आधीपासून. ते बनवणाऱ्या टीममध्ये घेतलंय मला. पुढच्या महिन्यात इथलं सोडून बंगळूरला जातोय."

सुष्मा तशीच मागे फिरली. कंपनीने फसवलं याचा तिला राग आला होता. भुवनने फसवलं हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

तिने बड्या कंपन्यांच्या मनमानीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार करायचं ठरवलं. वकीलबाई म्हणाल्या, "सही तुम्ही राजीखुशीने केलीत, असं ते म्हणतील. त्यांचा बेत आधीच ठरला होता, हे सांगणारं कोणी आहे?"

एकच माणूस होता, भुवन. संध्याकाळी मावशी स्वतःच दारात आली.

"त्याचं नाव घालू नको गं. नोकरी जाईल पोराची."

"मावशी, तुला माहीत होतं?"

मावशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो म्हणाला, अक्काला आत्ताच सांगू नको. मला वाटलं, सांगेल तोच."

"त्या दिवशी थांब्यावर उभी होतीस, तेव्हाही माहीत होतं?"

सुष्माने तिला कॉफी दिली. मावशीने ती तशीच ठेवली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुष्माने तक्रारीत भुवनचं नाव घातलं. चौकशी अजून चालू आहे. दसऱ्याला मावशीकडून दरवर्षीसारखा फराळाचा डबा आला नाही, आणि सुष्मानेही पाठवला नाही.