धाकटीची चार पानं

शाळेत निबंध म्हटला की माझंच नाव निघायचं. त्यामुळे वरच्या मजल्यावर एक निवृत्त संपादक राहायला आले, तेव्हा त्यांची शिष्या मीच होणार, हे मी धरूनच चालले होते. दर शनिवारी मी वही घेऊन जाई. काका वाचत आणि म्हणत, "भाषा छान आहे. पण हे सगळं कुठूनतरी ऐकल्यासारखं वाटतंय."

एकदा मला ताप होता म्हणून वही द्यायला धाकटीला पाठवलं. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि शुद्धलेखनाच्या नावानं आनंदीआनंद! बाईसाहेब तासाभरानं उतरल्या त्या हसतच.

"ताई, मी त्यांना बाबांच्या दुकानातल्या त्या बाईंचं सांगितलं. ते म्हणाले, सांगितलंस तसंच लिहून काढ."

बाबा घड्याळं दुरुस्त करत. एक म्हाताऱ्या बाई दर महिन्याला चांगलं चालू घड्याळ घेऊन येत. बाबा ते उघडत, पुसत, परत लावत, आणि तेवढा वेळ त्यांचं बोलणं ऐकून घेत. मीही हे पाहिलं होतं. त्यात लिहिण्यासारखं काही असेल, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

धाकटीची चार पानं काकांनी लागोपाठ दोनदा वाचली. माझं त्यांनी कधी दुसऱ्यांदा वाचलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मासिकाकडे पाठवू या," ते मला म्हणाले. "तुझं अक्षर मोत्यासारखं. तूच उतरवून दे."

मी उतरवलं. उतरवता उतरवता त्यात 'अश्रूंचा महापूर' घातला, 'नियतीचा क्रूर खेळ' घातला. मी सुधारतेय, असं स्वतःला बजावत होते. काय करतेय ते मला पक्कं ठाऊक होतं.

काकांनी तीन ओळी वाचल्या आणि कागद धाकटीकडे दिला. तिनं शेवटपर्यंत वाचलं.

"ताई, त्या बाई रडल्या नव्हत्या गं," एवढंच म्हणून ती खाली निघून गेली.

काका रागावले नाहीत. "का केलंस ते लिहून काढ. एकही शब्द नटवू नकोस."

दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा जमलं ते आधी धाकटीला दिलं. तिनं उभ्याउभ्याच वाचलं.

"एवढी जळतेस माझ्यावर?"

"हो."

"आणि दरवर्षी तू बक्षीस घ्यायला स्टेजवर जायचीस आणि आई मला म्हणायची, बघ, शीक जरा! तेव्हा मला काय वाटायचं, विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. मी कोरे कागद घेऊन तिच्यासमोर बसले.

मग ती सांगत गेली आणि मी नव्यानं उतरवत गेले. स्वल्पविरामसुद्धा माझ्या पदरचा घातला नाही.

ते छापून आलं. बाबांनी पान कापून गल्ल्याच्या काचेखाली लावलं. गिऱ्हाइकं वाकून वाचत, आणि प्रत्येक वेळी मला टोचे. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा कोणीतरी विचारत होतं, "तुमच्या मुलीनं लिहिलंय?"

"धाकटीनं," बाबा म्हणाले. "मोठीचं अजून यायचंय."

डबा ठेवून मी तडक घरी आले आणि लिहायला बसले.