गावाचं वजन

त्या दुष्काळात दूध संघानं ठरवलं होतं, ज्या गावातल्या लेकरांचं सरासरी वजन कमी भरेल तिथं आहार केंद्र सुरू करायचं. ते आमच्याच गावात यावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. सई दीड वर्षाची झाली होती, तरी तिच्या दंडाभोवती माझा अंगठा आणि बोट सहज जुळायचं.

वजनाच्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर बाया लेकरांना टँकरचं पाणी पाजत होत्या. काट्यावर वजन जास्त भरावं म्हणून पोरांच्या पायांत चांदीचे वाळे, कमरेला जाड करगोटे. शेजारच्या तलवाड्यापुढं गावाची इज्जत जायला नको, असं चेअरमन आबासाहेबांनी बजावलं होतं.

"आत्या, अशानं केंद्र येणार नाही," मी सासूबाईंना म्हणाले.

"न्हाई तर न्हाई. उपाशी गाव म्हणल्यावर पोरींना स्थळं येतील का? घाल ते वाळे."

"नाही घालणार."

शेजारची छबुबाई हसली. "बी.ए. झाली, पण पोरीच्या अंगाला मास चढवता न्हाई आलं."

सईला मी उघडीच काट्याच्या झोळीत ठेवली. पाहणीच्या डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला. सगळ्यांची बेरीज झाल्यावर म्हणाले, "गाव ठीक आहे. केंद्र तलवाड्याला."

"आणि ही?"

"हिचं वजन धरलं नाही, ताई. एवढं कमी एखादंच निघतं, सरासरी बिघडते."

"मग हिला कोण बघणार?"

"दवाखान्यात दाखवा. आम्ही गाव बघतो."

आबासाहेबांनी पेढे वाटले. सासूबाईंनी एक सईच्या तोंडात घातला. तो तसाच हनुवटीवर ओघळला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या बाई गावाचं नाव ऐकून म्हणाल्या, "तुमच्याकडं तर सगळं ठीक निघालं ना? घरीच नीट खाऊ घाला."

आषाढात सई गेली.

पोळ्याच्या आधी डॉक्टर पुन्हा वजनं घ्यायला येणार होते. सकाळीच छबुबाई दारात. "भिवराकाकू, वाळे पडूनच हायेत न्हवं? द्या की दुपारपुरते."

सासूबाईंनी माझ्याकडं न बघता दिले.

मी ओट्याच्या कडेला उभी राहिले. छबुबाईचं पोरगं झोळीत पाय झाडत होतं, सईचे वाळे वाजत होते. डॉक्टर खुशीत होते.

"आबासाहेब, गाव आणखी सुधारलं. या खेपेला एकही वजन वगळावं लागलं नाही."