दिवस भरत आले

नळी पोटात शिरली तरी पुतळाबाई हूं की चूं करीना. लोणावळ्याच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, "ओरडा की बाई, मोकळं वाटेल." पण ओरडून पोटातल्याला दचकवायला ती काय खुळी होती?

बारा वर्षं ती कुसगावात नांदत होती. कूस उजवली नाही म्हणून सासूने, चिमाबाईने, उर्से गावची एक पोरगी दुसरी सून म्हणून बघून ठेवली होती. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. अशात पुतळाबाईची पाळी चुकली, पोट दिसायला लागलं आणि सुपारी डब्यातच राहिली. गावच्या सुईणीने पोट चाचपून "गरभच हाय" असं ठणकावून सांगितलं, मग कोणाची बोलायची टाप? पुढे डावा पाय मांडीपासून सुजला, तेव्हा कुठे तिचा नवरा हौशीराम तिला टांग्यात घालून इथं घेऊन आला.

नळीखालची बरणी पोटातल्या पाण्याने भरली. पोट उतरलं, पण ओटीपोटातली टणक गाठ होती तशीच राहिली. पुतळाबाईने तिच्यावर हात ठेवला. पाणी गेलं, लेकरू राहिलं. हे डोकंच असणार.

पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई हौशीरामला बरणी दाखवत होत्या. आतलं पिवळट पाणी विरजण लावल्यासारखं धरत चाललं होतं. 'अंडाशयाचा कॅन्सर' हे शब्द त्यांनी अगदी हळू उच्चारले.

"जखम झाली की रक्त साकळून तिथं जाळी धरतं," त्या म्हणाल्या. "अंगातल्या पांढऱ्या पेशी राखण करायला धावतात, म्हणून जखम भरते. हिच्या पोटात तेच चाललंय, पण जखमेसाठी नाही, रोगासाठी. राखणीला आलेल्या पेशीच त्याला बसायला जागा करून देतात असं दिसतंय. त्या जाळीला धरून तो पोटभर पसरलाय. पायाच्या शिरेतही रक्त साकळलंय."

"म्हंजे राखनदारच फितूर झाला म्हना," हौशीराम म्हणाला.

"तसंच. आता कापाकापी करून उपयोग नाही. दिवस भरत आलेत हो तिचे. घरी न्या, मागेल ते खाऊ घाला."

पुतळाबाईच्या कानावर पडलं ते एवढं शेवटचं. दिवस भरत आलेत, मागेल ते खाऊ घाला! तिचं दुखणंच पळालं. टांग्यात तिने नवऱ्याचा हात धरून विचारलं, "डागतरीन म्हनली त्ये खरं ना वो? दिवस भरत आल्यात?"

हौशीरामने घोड्याच्या शेपटीकडे पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. एवढं बोलून तो मोकळा झाला, भेकड मेला.

घरी त्याने आईला मात्र सगळं सांगितलं. चिमाबाईने ते आळीभर केलं, एका सुनेला सोडून. पुतळाबाईला खेकड्यांचं कालवण खावंसं वाटलं. हौशीरामने ओढ्यात उतरून खेकडे धरून आणले. दोन घासांत तिचं पोट भरलं. येईल त्या बाईचा हात ती गाठीवर ठेवून घ्यायची.

"हालत कसं न्हाई गं?" एकीने विचारलं.

"गप हाय. बापावर गेलंय."

मग चिमाबाईने लोणावळ्याच्या बाजारातून हिरवंगार लुगडं आणलं. ओटी भरायला आळीतल्या सवाष्णी जमल्या. पुतळाबाई भिंतीला टेकून बसली, सुजलेला पाय लांब सोडून. कोणी गाणं म्हणेना, थट्टा करीना, मुलगा की मुलगी विचारीना. जळतात मेल्या, असं तिच्या मनात आलं आणि तिला गंमत वाटली.

चुलतसासू भागुबाई शेवटी पुढे आली. साठी उलटलेली बाई. तिने हळदकुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ ओटीत घातला, आणि डोळ्यांना पदर लावून चटकन पुतळाबाईच्या पायांवर डोकं टेकलं.

वडीलधारी बाई सुनेच्या पाया पडते ती एकदाच, सून भरल्या कुंकवाने तिरडीवर निजते तेव्हा. भागुबाईला आपली चूक कळली तेव्हा उशीर झाला होता. पुतळाबाईने उजवा पाय ओढून घेतला. डावा हलेना.

तिने हिरव्या लुगड्याकडे पाहिलं, गाठीवरचा हात काढला. दारात नवरा उभा होता.

"त्ये दिवस व्हय," ती म्हणाली.

तिला रडायचं होतं, पण पोट इतकं दाटलं होतं की हुंदक्यापुरता श्वास पुरेना. तिने ओटीतला नारळ उचलून सासूपुढे धरला.

"आत्याबाई, ह्यो उर्शाच्या पोरीच्या वटीला ठिवा."

चिमाबाईने नारळ घेतला. कानाशी नेऊन हलवला, आत पाणी आहे याची खात्री केली आणि फळीवर ठेवून दिला.