आढ्यापर्यंत

लेनीचं आणि माझं घर एकाच भिंतीला टेकलेलं. तिच्या जिन्यावर कोण चढतंय ते मला माझ्या स्वयंपाकघरात कळायचं. नोल टाचा आपटत चढायचा. त्याची आई द्रिका पायरीपायरीवर थांबून कण्हायची. आणि लेनी वर गेली की शेवटी एक ठक् ऐकू यायचं, कारण माळ्याचं दार तिच्या उंचीला पुरत नसे. नवरा तिच्या खांद्याला लागायचा. लग्नाच्या फोटोत द्रिकाने सुनेला चर्चच्या पायऱ्यांवर दोन पायऱ्या खाली उभं केलं होतं, आणि ती बिचारी हसत उभी राहिली होती.

घर भाड्याचं, गृहसंस्थेचं, पण भाडेकरू म्हणून नाव लेनीचं. त्याआधी तिच्या आईचं. ती जन्मली ती त्याच घरातल्या मधल्या खोलीत, आणि आईला शेवटचं पाणी पाजलं तेही तिथेच. नोल लग्न करून तिथे राहायला आला आणि पहिला हिवाळा संपायच्या आत आपल्या आईलाही घेऊन आला.

लोकरीच्या गिरण्या बंद पडल्यापासून तिलबुर्गच्या आमच्या गल्ल्यांमध्ये माळ्यांवर काय वाढतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं मात्र कुणी नाही. त्या वर्षी वसंतात कोपऱ्यावरच्या एका घरात गांजा सापडला. महापौरांचं सील दारावर लागलं आणि ज्याच्या नावावर घर होतं तो बायकामुलांसकट रस्त्यावर आला. लेनीने ते आपल्या खिडकीतून पाहिलं होतं. म्हणून नोलने दिवे आणि कुंड्या आणल्या तेव्हा ती पहिल्यांदा ‘नको’ म्हणाली.

द्रिका म्हणाली, “घर तुझं, पण नवरा कुणाचा? का तोही संस्थेचा आहे?”

झालं. माळ्यावर रोपं लागली आणि त्यांची निगा अर्थातच लेनीच्या गळ्यात पडली. नोलला वाकून काम करायचा कंटाळा. ती निमूटपणे करायची, आणि तिच्या हाताला गुण होता हे मी शेजारधर्म म्हणून नाही, खरं म्हणून सांगते.

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला त्याच आठवड्यात नोलने दिव्यांचे तास कमी केले. दिवस लहान झाला असं वाटलं की हे झाड फुलोऱ्यावर येतं. पण फुलायच्या आधी ते वेड लागल्यासारखं उंच होतं. दोन-तीन आठवड्यांत होतं त्याच्या दुप्पट. ज्याच्याकडे सरळ भिंतींची खोली आहे त्याने ते पाहत बसावं. आमचे माळे म्हणजे दोन उतरती छपरं आणि मध्ये आढं. वर जावं तशी जागा चिमटत जाते.

“आत्ताच वाकवायला हवीत,” लेनी म्हणाली. “देठ कोवळे आहेत तोवर. दोन बोटांत धरून हळूहळू दाबत न्यायचं, आतला गाभा मऊ पडला की आडवं करून बांधायचं. साल तुटू द्यायची नाही, बस. चार दिवसांत गाठ धरते आणि बाजूच्या फांद्या वर येतात. नाहीतर हे सगळं दिव्यात जाईल.”

“वाढतंय ते वाढू दे की,” नोल म्हणाला. “जितकं उंच तितका माल.”

“उंचीने माल नाही वाढत. पेरं लांबतात नुसती. दांडे मिळतील तुला, दांडे!”

“ऐकलंस का आई? शिडी मला उंचीबद्दल शिकवतेय.”

द्रिका बटाटे सोलत होती. “तिला स्वतःवरून कळत असेल,” ती म्हणाली. “नुसता दांडा.”

दोघं पोट धरून हसली. ते हसणं मी भिंतीतून ऐकलं. बाकीचं मला लेनीने नंतर सांगितलं, मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांपाशी.

तिने चोरून सहा झाडं वाकवली. कोपऱ्यातली, चटकन नजरेत न येणारी. लोकरीच्या धाग्याने कुंड्यांच्या काठाला बांधली. आठवड्याभरात ती सहा झाडं छान पसरली, सगळे शेंडे एका उंचीला आले, आणि बाकीची दिव्याच्या काचेला नाक लावून उभी. त्यांचे शेंडे भाजून पांढरे पडायला लागले होते. तेव्हा नोलला कोपरा दिसला.

त्याने तिला खाली बोलावलं. ओरडला नाही. टेबलाशी बसवलं, तिचा डावा हात हातात घेतला आणि करंगळी दोन बोटांत धरली.

“कसं म्हणालीस? हळूहळू दाबत न्यायचं?”

“नोल, सोड.”

“गाभा मऊ पडेपर्यंत. बघू या साल तुटते का.”

ती किंचाळली असावी, कारण मी जपमाळेवरून मान वर केली. मग द्रिकाचा आवाज आला, अगदी स्पष्ट, “अरे हळू! पलीकडे तोस जपाला बसलीय.”

साल तुटली नाही. थोड्या वेळाने लेनी माझ्या मोरीपाशी उभी होती, नळाखाली हात धरून. बोट भलत्याच बाजूला पाहत होतं.

“दवाखान्यात चल,” मी म्हटलं.

“काय सांगू तिथे, तोसमावशी? कसं झालं म्हणून विचारतील.”

“खरं सांग.”

“खरं सांगितलं तर माळा बघायला येतील. घर जाईल.” ती रडत नव्हती. “हे पीक निघू दे. मग दिवे विकून टाकू म्हणालाय तो.”

मी लाकडी चमचा मोडून त्याच्या फळीवर ते बोट बांधून दिलं. दुसऱ्या दिवशी नोलने ती सहा झाडं सोडवली आणि पुन्हा उभी करायला गेला. आडवी असताना जगत होती ती सरळ करताना मोडली. त्याने ती लेनीकडूनच चिरून पोत्यात भरून घेतली, एका हाताने.

मग दिवे वर चढू लागले. दर दोन दिवसांनी ड्रिल मशीनचा आवाज यायचा. झाड एक वीत वाढलं की नोल एक हूक वर. शेवटचा हूक त्याने आढ्याच्या तुळईलाच मारला. त्यावर जागा नव्हती, तरी झाडं थांबेनात. मग काय सुचावं त्याला? कौलांखाली थंडीसाठी फोमचे जाड तक्ते ठोकलेले असतात, ते त्याने उपसून काढले. हातभर उंची मिळाली. दिवे थेट कौलांना जाऊन भिडले.

“घर गारठेल,” लेनी म्हणाली.

“शेगडीच लावलीय वर. गारठतंय कसलं!” तो म्हणाला, आणि एका परीने ते खरंच होतं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात बर्फ पडला. मी चर्चमधून, मिस्सा आटोपून परत येत होते. गल्लीतली सगळी छपरं पांढरी, एकसारखी, पाहून हात जोडावेसे वाटावेत अशी. आणि मध्ये लेनीचं छप्पर काळं. बर्फ न टिकणारं छप्पर म्हणजे खाली दिवे, हे पोलिसही ओळखतात. ओली कौलं, त्यांतून वाफ निघत होती. पन्हळीतून पाणी धो-धो वाहत होतं. लेनी शाळेची झाडलोट आटोपून समोरून येत होती. ती वर पाहून जागच्या जागी थांबली. मग धावत घरात गेली. मी माझं दार उघडून आत आले, तोवर भिंतीपलीकडे सुरू झालं होतं.

“दिवे बंद कर, नोल! बर्फ पडतोय अजून, तासाभरात झाकलं जाईल. कुणी पाहिलं नाहीये.”

“फुलोरा बिघडेल.”

“अरे, घर जाईल!”

“कुणाचं?” तो म्हणाला. तोंडात घास होता. “बरं झालं, विषय काढलास. नवीन वर्षात संस्थेत जायचं आणि घर माझ्या नावावर करायचं. आईचं नि माझं ठरलंय.”

“आणि मी?”

द्रिका म्हणाली, “तुला काय कमी आहे, पोरी? नीट वागलीस तर मधली खोली तुझी. नाहीतर तुझ्याएवढा पलंग मिळेल तिथे जा.”

मग पुढचं दार उघडलं. लेनी फावडं घेऊन बाहेर आली आणि दारापुढचा बर्फ ओढू लागली. मीही केरसुणी घेऊन बाहेर गेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आमच्या भागाचा हवालदार सायकलवरून येत होता. बर्फ डोळ्यांत जात होता म्हणून मान खाली, टोपी भुवयांपर्यंत. वर पाहायचा प्रश्नच नव्हता. तो असाच निघून गेला असता, देवाशपथ.

“सांभाळून हं, घसरतंय,” तो म्हणाला.

“हो,” लेनी म्हणाली. फावडं टेकवलं, मान मागे टाकली आणि आपल्या छपराकडे पाहू लागली. पाहतच राहिली. तो पुढे गेला, वळून पाहिलं, ती अजून तशीच. मग त्याने सायकल थांबवली आणि तिच्या नजरेमागे आपली नजर नेली.

दुपारपर्यंत माळा रिकामा झाला. गणवेशातली माणसं पोती भरून जिन्यावरून आणत होती. वीज कंपनीच्या माणसाने तार तोडली. दार सताड उघडं होतं आणि आम्ही सगळे बोटं बगलेत धरून समोर उभे होतो. मला सगळं दिसत होतं.

“कुणाचं हे?” हवालदाराने विचारलं.

“घर हिच्या नावावर आहे,” नोल लगेच म्हणाला. “मी काय, पाहुणा. वर कधी पाऊल ठेवलं नाही.”

“आणि तुम्ही, आजी?”

“मीही पाहुणीच. हीच असायची वर सारखी. मी सांगत होते हिला, नको गं बाई. माझं कोण ऐकतं?”

हवालदार लेनीकडे वळला. “बाई, तुम्हाला कल्पना आहे ना? सील लागेल. जानेवारीअखेर घर सोडावं लागेल.”

“तोवर घर माझं?”

“तोवर तुमचंच.”

“मग या पाहुण्यांना बाहेर काढा,” ती म्हणाली. इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं. “मला पाहुणे नकोत. आत्ता.”

नोल हसला. मग हवालदाराचा चेहरा पाहून थांबला. “लेनी, वेड लागलं का तुला? आई आहे ती!”

“तुझी.”

तो तिच्या अंगावर जायला निघाला, पण दोघा पोलिसांनी त्याला धरलं आणि जबानीसाठी गाडीत घातलं. द्रिका घरातल्या सपातांत उंबऱ्याबाहेर आली. लेनीने दार लावलं आणि आतून कडी घातली.

बर्फ पडतच होता. गल्लीतल्या कुणी द्रिकाला ‘आत ये’ म्हटलं नाही. तिच्या जिभेने त्या गल्लीत एकही दार उघडं ठेवलं नव्हतं. ती दारातल्या पत्रं टाकायच्या फटीशी वाकली.

“लेनी. ए लेनी. माझी गोळी तरी दे, रक्तदाबाची.”

फट उघडली. आतून गोळ्यांची एक पट्टी बाहेर आली. द्रिकाने ती घेतली.

“आणि कोट. तो तपकिरी, खुंटीवरचा.”

“तो माझ्या आईचा आहे,” लेनी आतून म्हणाली.

“इतकी वर्षं मीच घालतेय गं तो!”

“घातलात ना. पुरे झालं.”

फट बंद झाली. द्रिका तिथेच वाकून राहिली, ती पुन्हा उघडेल अशी वाट बघत. मी घरात जाऊन माझी शाल आणली आणि तिच्या खांद्यांवर घातली. तिने शालीचं टोक बोटांनी चाचपून पाहिलं.

“पातळ आहे,” ती म्हणाली.